शुल्क शून्य, तरीही ट्रकची रांग



ब्रेक्झिट हा शब्द तुम्ही अनेकदा ऐकला असेल. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, एवढी माहिती सामान्यज्ञानाच्या पेपरला पुरते. पण वरच्या वर्गात हा विषय शिकवताना मला एक प्रश्न हमखास येतो : “सर, ब्रिटन आणि युरोप यांच्यात आजही आयातशुल्क शून्यच आहे ना? मग मालाला अडचण कसली?” प्रश्न उत्तम आहे. त्याचे उत्तर शोधताना व्यापारगट म्हणजे काय हे कळते आणि सीमा म्हणजे काय, हेही थोडे अधिक कळते.

आधी तारखा पाहू. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी सदस्यत्व संपले, मात्र जुने नियम त्या वर्षअखेरपर्यंत चालू राहिले. नवा व्यापार करार ठरला २४ डिसेंबर २०२० रोजी आणि लागू झाला १ जानेवारी २०२१ पासून. व्यापाऱ्यांना तयारीला मिळाला जेमतेम एक आठवडा, तोही नाताळचा.

युरोपीय संघाच्या आत माल बिनअडथळा फिरतो, त्यामागे दोन व्यवस्था आहेत. पहिली सीमाशुल्क संघाची. सदस्य देशांत आपसात शुल्क नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालाला सर्वांचा दर एकच. रॉटरडॅम बंदरात शुल्क भरून उतरलेला माल पुढे कोणत्याही सदस्य देशात जाऊ शकतो. दुसरी व्यवस्था १९९३ पासूनच्या एकल बाजारपेठेची. औषध, खेळणे, चीज, विजेचे उपकरण यांचे नियम सगळीकडे सारखे. या दोन्ही असल्या म्हणजे सीमेवर ट्रक थांबवायला कारणच उरत नाही. आपल्याकडे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले, ते आठवा. तुमच्या वडिलांना त्या नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा नक्की आठवत असतील.

ब्रिटनने या दोन्ही व्यवस्था सोडल्या. नव्या कराराने शुल्क शून्य ठेवले खरे, पण तो दर आपोआप मिळत नाही, तो कागदांनी सिद्ध करावा लागतो.

पहिला कागद म्हणजे सीमाशुल्काचे घोषणापत्र. काय माल, किती, कोणत्या वर्गाचा, किंमत किती, हे प्रत्येक खेपेला लिहून द्यायचे. पूर्वी लंडनहून पॅरिसला माल पाठवणे हे लंडनहून मँचेस्टरला पाठवण्यासारखेच होते. आता ती निर्यात झाली.

दुसरा पुरावा माल मुळात कुठला आहे याचा. शून्य शुल्क फक्त ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात तयार झालेल्या मालाला आहे. भारतातून गेलेला तांदूळ ब्रिटनमध्ये नुसता पिशव्यांत भरला, तर तो ब्रिटिश होत नाही. याचा एक गमतीदार फटका मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीला बसला. त्यांची ‘पर्सी पिग’ ही लोकप्रिय गोळी जर्मनीत बनते. ती ब्रिटनमध्ये शुल्काविना आली, पण तीच गोळी ब्रिटनमधून आयर्लंडमधल्या दुकानात पाठवायची म्हटल्यावर शुल्काचा प्रश्न उभा राहिला. ती युरोपात बनली आणि युरोपातच परत चालली होती, तरी मधल्या मुक्कामी तिच्यावर काहीही प्रक्रिया झाली नव्हती.

तिसरा कागद खाद्यपदार्थांचा. मांस, मासे, दूध यांच्या खेपेबरोबर आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि मालाची तपासणीही होऊ शकते. स्कॉटलंडचे मच्छीमार शेवंड, खेकडे, शिंपले रातोरात फ्रान्स-स्पेनच्या बाजारात पोचवत असत. जानेवारी २०२१ मध्ये कागदपत्रांत माल अडकू लागला. मासळी वाट पाहत नाही. १८ जानेवारीला या व्यावसायिकांनी आपले ट्रक थेट लंडनमध्ये, पंतप्रधानांच्या निवासस्थानाजवळ आणून निषेध केला.

आता हा भार कोणावर पडतो, ते एका कल्पित हिशेबाने पाहू. समजा, एका खेपेच्या कागदपत्रांचा खर्च २०,००० रुपये आहे. ४० लाखांचा माल भरलेल्या ट्रकला हा खर्च अर्धा टक्का पडतो. एक लाखाचे चीज पाठवणाऱ्या छोट्या उत्पादकाला तोच खर्च वीस टक्के पडतो. शिवाय छोट्यांचा माल बहुधा एकाच ट्रकमध्ये एकत्र जातो, त्यामुळे एकाचा कागद चुकला की सगळेच थांबतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील संशोधकांनी २०२४ च्या अखेरीस मांडलेल्या अभ्यासानुसार सुमारे १६,४०० ब्रिटिश कंपन्यांनी युरोपीय संघाला माल विकणेच बंद केले. मोठ्या कंपन्या बऱ्याच अंशी तरल्या, लहानांना हे जमले नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सीमाशुल्क संघात असताना ब्रिटनला स्वतःचा वेगळा व्यापार करार करता येत नव्हता. बाहेर पडल्यावर त्याने ऑस्ट्रेलियाशी करार केला आणि २४ जुलै २०२५ रोजी भारताशीही सही केली. हे स्वातंत्र्य खरे आहे, पण अंतरही खरे आहे. डोव्हरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम ३३ किलोमीटरची. आजही ब्रिटनच्या निर्यातीचा सुमारे चार-दशांश भाग युरोपीय संघातच जातो. शेजारची बाजारपेठ दूरच्या करारांनी सहज भरून निघत नाही. ब्रिटन संघात राहिले असते तर जेवढा व्यापार झाला असता, त्यापेक्षा दीर्घकाळात आयात-निर्यात सुमारे १५ टक्क्यांनी कमी राहील, असे ब्रिटनच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने गृहीत धरले आहे.

सैनिकी शाळेतल्या वाचकांनी मात्र या विषयातला सर्वांत कठीण भाग अवश्य समजून घ्यावा. तो आयर्लंडमध्ये आहे. आयर्लंड प्रजासत्ताक युरोपीय संघाचा सदस्य, तर उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग. मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची आणि ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून अधिक. उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षात सुमारे ३,५०० माणसे मेली. ब्रिटिश सैन्याची तिथली ‘ऑपरेशन बॅनर’ ही तैनाती १९६९ पासून २००७ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षे चालली. त्या काळात कस्टम्सचे नाके हे हल्ल्यांचे लक्ष्य होते. २२ ऑगस्ट १९७२ रोजी न्यूरी येथील नाक्यावरच्या स्फोटात नऊ जण ठार झाले. त्यांत कस्टम्सचे कर्मचारी होते, ट्रकचालक होते आणि बॉम्ब आणणारेही होते. पुढे १९९३ मध्ये एकल बाजारपेठेमुळे मालाची तपासणी संपली आणि १९९८ च्या शांतता करारानंतर टेहळणीचे बुरुजही उतरवले गेले.

ब्रेक्झिटने नेमकी हीच रेषा युरोपीय संघाची बाह्य सीमा झाली. नाका बांधावा तर त्याला पोलिसांचे संरक्षण लागणार आणि पोलिसांना सैन्याचे. म्हणून असे ठरले की उत्तर आयर्लंडला मालापुरते युरोपचेच बरेच नियम लागू राहावेत आणि ब्रिटनच्या मुख्य बेटावरून येणाऱ्या मालाची तपासणी बेलफास्ट, लार्न अशा बंदरांत व्हावी. जमिनीवरची सीमा मोकळी राहिली. पण आपल्याच देशाच्या दोन भागांत तपासणी कशासाठी, म्हणून ब्रिटनवादी पक्ष संतापला आणि उत्तर आयर्लंडचे प्रांतिक सरकार फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे ठप्प झाले. २०२३ च्या विंडसर करारानंतर उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला सोपी हिरवी मार्गिका मिळाली, पुढे आयर्लंडला जाऊ शकणाऱ्या मालाला लाल.

तुमच्यापैकी काही जण उद्या सीमेवर उभे राहतील, काही कदाचित कस्टम्समध्ये जातील, काही घरचा व्यवसाय सांभाळतील. आपल्या नाशिक-सांगलीकडची द्राक्षे नेदरलँड्सलाही जातात आणि ब्रिटनलाही. पूर्वी दोन्हीकडे एकच नियमावली होती, आता बागायतदाराला कीटकनाशकांच्या अंशाच्या मर्यादा दोन ठिकाणी तपासाव्या लागतात. म्हणून व्यापार कराराची बातमी वाचाल तेव्हा शुल्काच्या आकड्यावर थांबू नका. माल कुठला हे कोणी ठरवायचे, प्रमाणपत्र कोणी द्यायचे आणि तपासणी नेमकी कुठे व्हायची, ही तीन उत्तरे त्या बातमीत शोधा. ती सापडली नाहीत, तर बातमी अर्धीच वाचून झाली असे समजा.