अमेरिकन सिनेटमधील कोंडी : नियम, पक्षरचना आणि विधिनिर्मिती

लोकशाही राज्यपद्धतीत कायदा बहुमताने होतो, हे विधान इतके परिचित आहे की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र हे विधान जसेच्या तसे लागू पडत नाही. बालपणी देशात आणल्या गेलेल्या, परंतु कायदेशीर परवाना नसलेल्या तरुणांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा करणारे एक विधेयक डिसेंबर २०१० मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केले. त्याच महिन्याच्या १८ तारखेस सिनेटमध्ये त्याच्या बाजूने ५५ व विरुद्ध ४१ मते पडली. आणि विधेयक बारगळले. ज्या सभागृहात स्पष्ट बहुमत मिळूनही प्रस्ताव पडतो, त्या सभागृहातील कायदा नेमका कशाने होतो, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. त्याचे उत्तर एका जुन्या कार्यपद्धतीत व तिच्याभोवती नव्याने उभ्या राहिलेल्या पक्षरचनेत शोधावे लागते.

१. शब्द आणि वस्तू

लांबलचक भाषणे करून मतदान होऊच न देणे, या डावपेचास अमेरिकेत ‘फिलिबस्टर’ म्हणतात. या शब्दाचे मूळ डच भाषेत असून लुटीवर निर्वाह करणारा समुद्री पुंड, असा त्याचा अर्थ आहे. तेथून तो फ्रेंच व स्पॅनिश भाषांतून फिरत इंग्रजीत आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मध्य अमेरिकेत खाजगी फौजा घेऊन स्वाऱ्या करणाऱ्या अमेरिकन साहसिकांना हे नाव मिळाले. १८५६ मध्ये निकाराग्वाचा अध्यक्ष बनून बसलेला व १८६० मध्ये होंडुरासमध्ये देहान्त शिक्षा झालेला विल्यम वॉकर हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. याच सुमारास सभागृहाचे कामकाज ओलीस धरणाऱ्या सभासदासही तीच उपाधी लावली जाऊ लागली. म्हणजे आरंभी हा शब्द निंदाव्यंजक होता. प्रतिपक्षावर फेकलेले ते एक दूषण होते. पुढे निंदेचा अंश झिजला आणि तो कार्यपद्धतीचा पारिभाषिक शब्द बनला.

शब्दाचा दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे. फिलिबस्टर म्हटले की रात्रभर उभा राहून बोलणारा सभासद डोळ्यांपुढे येतो. १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकास विरोध करताना स्ट्रॉम थर्मंड हे २४ तास १८ मिनिटे बोलले, हे त्याचे ठळक उदाहरण. परंतु आजचा फिलिबस्टर हा बहुधा मूक असतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी सिनेटच्या नेत्यांनी अशी व्यवस्था लावली की अडवलेले विधेयक एका रुळावर उभे ठेवून दुसऱ्या रुळावर इतर काम चालू ठेवता यावे. हेतू सोयीचा होता. परिणाम वेगळा झाला. अडवणूक करणाऱ्यास बोलण्याचे श्रम उरले नाहीत व इतरांचे काम थांबवल्याचा लोकापवादही उरला नाही. विरोधाचा नुसता इशारा पुरेसा ठरू लागला. शब्द तोच राहिला, पण वस्तू बदलली. उलट २०२५ मध्ये कोरी बुकर हे २५ तास ५ मिनिटे बोलले आणि थर्मंड यांचा उच्चांक मोडला; तथापि त्यावेळी कोणतेही विशिष्ट विधेयक अडवलेले नसल्यामुळे काटेकोर अर्थाने तो फिलिबस्टर नव्हता. भाषण आहे तेथे अडवणूक नाही आणि अडवणूक आहे तेथे भाषण नाही, अशी ही स्थिती आहे.

२. नियमाची घडण

अल्पमताच्या संरक्षणासाठी घटनाकारांनी ही सोय बुद्ध्याच करून ठेवली, असा एक समज प्रचलित आहे. तो आधारास टिकत नाही. १७८७ च्या संविधानाने विशेष बहुमत कोठे लागेल ते स्वतःच नमूद केले आहे : तहांना संमती, महाभियोगातील दोषनिर्णय, सभासदाची हकालपट्टी, अध्यक्षांच्या नकाराधिकारावर मात आणि घटनादुरुस्ती. सामान्य कायद्याचा त्यात समावेश नाही. हॅमिल्टन व मॅडिसन या दोघांनीही सर्वच बाबींत विशेष बहुमताची अट घालणे म्हणजे अल्पसंख्येच्या हाती राज्य देणे होय, या आशयाचा इशारा दिलेला होता.

मग ही सोय आली कोठून? सिनेटच्या आरंभीच्या नियमांत चर्चा थांबवून मूळ प्रश्न मतास टाकण्याच्या प्रस्तावाची तरतूद होती. तिचा वापर क्वचितच होई. पायउतार होणारे उपाध्यक्ष एरन बर यांनी १८०५ मध्ये ती निरुपयोगी असल्याचे सुचवले आणि १८०६ मध्ये नियमांची फेरमांडणी होताना ती वगळली गेली. त्या वगळण्याने एक पोकळी निर्माण झाली. तिचा पद्धतशीर वापर पुढे कित्येक वर्षांनी सुरू झाला. अमर्याद चर्चेचा हक्क हा अशा रीतीने योजनेतून नव्हे, तर अनवधानातून जन्मला.

पहिला बांध १९१७ मध्ये घातला गेला. व्यापारी जहाजांना शस्त्रसज्ज करण्याचे विधेयक मूठभर सभासदांनी सत्रसमाप्तीपर्यंत रोखून धरल्यावर अध्यक्ष विल्सन यांनी जाहीर रोष व्यक्त केला आणि त्या वर्षीच्या ८ मार्च रोजी सिनेटने चर्चासमाप्तीचा नियम स्वीकारला. मतदान करणाऱ्या सभासदांपैकी दोन तृतीयांशांनी संमती दिल्यास चर्चेस मर्यादा घालता येऊ लागली. १९७५ मध्ये हे प्रमाण एकूण सभासदांच्या तीन पंचमांशांवर, म्हणजे १०० पैकी ६० वर आणण्यात आले. प्रस्तुत लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या ५५ मतांची कमतरता या ६० च्या संख्येशी ताडून पाहावयाची आहे.

या नियमाची किंमत कोणी मोजली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. जमावाने केलेल्या हत्यांविरुद्धचे डायर विधेयक प्रतिनिधिगृहाने जानेवारी १९२२ मध्ये संमत केले. सिनेटमध्ये दक्षिणेकडील सभासदांनी ते अडवले. अशा स्वरूपाचा संघराज्यीय कायदा अखेर २९ मार्च २०२२ रोजी अस्तित्वात आला. मधल्या शंभर वर्षांस ‘विचारविनिमय’ असे नाव देणे कठीण आहे.

३. नियम जुना, कोंडी नवी

येथे एक शंका साहजिक आहे. नियम इतका जुना आहे तर कोंडीची तक्रार अलीकडे एवढी का वाढली? विशेष म्हणजे १९१७ च्या तुलनेत तो आज सौम्य आहे. याचे उत्तर पक्षांच्या अंतर्रचनेत सापडते.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे उदाहरण यासाठी उपयुक्त आहे. मार्चअखेर सुरू झालेली अडवणूक १० जून रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी मोडली गेली. नागरी हक्कांच्या विधेयकावर चर्चासमाप्तीचा प्रस्ताव प्रथमच यशस्वी झाला. त्या ७१ मतांत ४४ डेमोक्रॅट व २७ रिपब्लिकन होते आणि विरोधातील २९ मतांत २३ डेमोक्रॅट व ६ रिपब्लिकन होते. म्हणजे खरी फूट पक्षापक्षांत नसून प्रत्येक पक्षाच्या आत होती. दोन पक्ष नावाचे दोन, पण मताचे गट अनेक, अशा स्थितीत आज एकाशी व उद्या दुसऱ्याशी जुळवून घेऊन दोन तृतीयांशांचा मेळ घालणे अवघड असले तरी शक्य होते.

ही स्थिती त्या काळच्या विद्वानांना दोषास्पद वाटे. अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेच्या एका समितीने १९५० मध्ये अहवाल प्रसिद्ध करून अशी मागणी केली की पक्षांनी स्पष्ट व परस्परभिन्न कार्यक्रम घ्यावेत आणि सभासदांस शिस्तीत ठेवावे, जेणेकरून मतदारास खरी निवड करता येईल. पुढील अर्धशतकात ती इच्छा बहुतांशी फलद्रूप झाली. दक्षिणेतील सनातनी डेमोक्रॅट रिपब्लिकन पक्षाकडे सरकले (थर्मंड यांनी १९६४ मध्येच पक्षांतर केले) आणि उत्तरेतील उदारमतवादी रिपब्लिकन विरळ होत गेले. पक्ष एकजिनसी झाले. परंतु एकजिनसी पक्ष हे संसदीय पद्धतीस मानवणारे साधन आहे. सत्ता विभागणाऱ्या पद्धतीत ते बसवले की प्रत्येक विभागणी ही अडथळ्याची जागा होते.

कीथ क्रेबील यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या उपपत्तीने हे अधिक नेमकेपणाने दाखवता येते. सिनेटच्या शंभर सभासदांना त्यांच्या मतांनुसार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांगेत उभे केले, तर कायद्याचे भवितव्य मधल्या सभासदावर नव्हे, तर साठाव्या सभासदावर अवलंबून राहते. जुने पक्ष परस्परांत मिसळलेले असताना हा साठावा सभासद बहुमतवाल्यांच्या जवळपास आढळे. आज तो रांगेतील रिकाम्या जागेपलीकडे, विरोधी पक्षाच्या आत उभा असतो. त्याने होकार दिला तर श्रेय बहुमताच्या पक्षास मिळते आणि रोष त्यास स्वतःच्या मतदारांचा पत्करावा लागतो.

आकडेही या दिशेनेच बोट दाखवतात. १९६९–७० च्या काँग्रेसमध्ये चर्चासमाप्तीचे ७ प्रस्ताव दाखल झाले होते. २०२१–२२ मध्ये ही संख्या तीनशेंहून अधिक होती. मात्र हा आकडा सावधपणे वाचावयास हवा. त्यांतील बहुसंख्य प्रस्ताव नेमणुकांसंबंधीचे होते, विधेयकांसंबंधीचे नव्हते. आणि जी विधेयके साठ मते मिळणार नाहीत म्हणून मांडलीच गेली नाहीत, ती कोणत्याच गणनेत येत नाहीत. तसेच डेव्हिड मेह्यू यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की १९४६ ते १९९० या काळात अध्यक्षपद व काँग्रेस भिन्न पक्षांच्या हाती असतानाही महत्त्वाचे कायदे जवळजवळ तेवढ्याच संख्येने झाले. तेव्हा सत्तेची विभागणी हे एकटे कारण नव्हे. विभागणी अधिक एकजिनसी पक्ष, या संयोगातून कोंडी उद्भवते.

४. आडवाटा

मुख्य रस्ता बंद झाला की रहदारी थांबत नाही, ती आडवाटेने जाते. पहिली आडवाट अंदाजपत्रकाची. १९७४ च्या कायद्यान्वये जमाखर्चाच्या मेळाच्या विधेयकावरील चर्चा सिनेटमध्ये वीस तासांपुरती मर्यादित आहे. त्यामुळे साध्या बहुमताने ते संमत होते. परिणामी आरोग्य, हवामान, कर असे भिन्न विषय जमाखर्चाच्या साच्यात कोंबले जातात. २०२२ चा महागाई-निवारण कायदा व २०२५ चा कर व खर्चविषयक विस्तृत कायदा हे दोन्ही, एक डेमोक्रॅटिक व एक रिपब्लिकन, याच मार्गाने व उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने ५१ विरुद्ध ५० असे सिनेटमधून पार झाले.

दुसरी आडवाट नियमाचाच संकोच करण्याची. २०१३ मध्ये डेमोक्रॅटिक बहुमताने बहुतेक नेमणुकांना आणि २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताने सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांना साध्या बहुमताची कक्षा खुली केली. मतदानहक्काच्या विधेयकासाठी तसाच अपवाद करण्याचा जानेवारी २०२२ मधील प्रयत्न मात्र ५२ विरुद्ध ४८ मतांनी फसला.

तिसरी आडवाट विधिमंडळाच्या बाहेरून जाते. आरंभीच्या उदाहरणातील तरुणांना १५ जून २०१२ रोजी प्रशासकीय आदेशाने तात्पुरते संरक्षण मिळाले. २०१७ मध्ये पुढील शासनाने ते मागे घेण्याची घोषणा केली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घोषणा कार्यपद्धतीच्या कारणास्तव रद्द ठरवली. कायदा झाला नाही म्हणून प्रश्न संपला नाही. तो आदेश व निकाल यांच्यामध्ये हेलकावे खात राहिला आणि त्यावर लक्षावधी माणसांचे आयुष्य टांगलेले राहिले.

अमेरिकेत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांसही या कोंडीची प्रत्यक्ष झळ लागलेली आहे. कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशास सात टक्क्यांहून अधिक वाटा न देण्याच्या मर्यादेमुळे भारतीय अर्जदारांची रांग फार लांबली आहे. नोकरीवर आधारित परवान्यांपुरती ही मर्यादा काढणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. सिनेटनेही डिसेंबर २०२० मध्ये आपला वेगळा मसुदा एकमताने मान्य केला. परंतु दोन मसुद्यांचा मेळ बसण्यापूर्वीच त्या काँग्रेसची मुदत संपली. येथे अखेरचा अडसर फिलिबस्टर नव्हता. दोन समबल गृहे असली की केवळ कालहरणही नकारासारखेच परिणामकारक ठरते.

५. तुलनेचा धडा

भारतीय वाचकास ही चर्चा अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक व जबाबदारी कमी, तर संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक व स्थैर्य कमी असल्याचे प्रतिपादिले आणि जबाबदारीस प्राधान्य दिले. त्यास अनुसरून भारतीय संविधानाने कोंडी फोडण्याचे साधनही दिले आहे. अनुच्छेद १०८ अन्वये दोन सभागृहांत मतभेद झाल्यास संयुक्त बैठक बोलावता येते. १९६१, १९७८ व २००२ अशी तीनदाच ती सामान्य विधेयकांसाठी वापरली गेली. अर्थात, येथे धोका उलट बाजूचा आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर सभासदाचे मत पक्षादेशाने बांधले गेले असून चर्चेवाचून कायदा संमत होणे हीच चिंतेची बाब ठरू शकते. एके ठिकाणी चर्चेच्या नावाने मतदान टळते, दुसऱ्या ठिकाणी मतदानाच्या बळावर चर्चा टळण्याचा संभव असतो.

अमेरिकन कोंडीचे ताजे उदाहरण १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळातील आहे. खर्चाची मंजुरी वेळेत न मिळाल्याने संघशासनाचे बरेचसे कामकाज ४३ दिवस बंद राहिले. सिनेटमध्ये बहुमताच्या पक्षाकडे ५३ जागा होत्या. साठ मते जमेपर्यंत मार्ग निघाला नाही. सरकारी नोकरांचे पगार थकले आणि गरिबांच्या अन्नसाहाय्यात खंड पडला.

यावरून फिलिबस्टर रद्द करावा असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. साठ मतांची अट नसती तर प्रत्येक सत्तांतराबरोबर मोठे कायदे उलटसुलट झाले असते, या आक्षेपात तथ्य आहे. तथापि आज आदेश व निकाल यांच्या द्वारे नेमके तेच घडत आहे, फक्त मतदारास उत्तरदायी असलेल्या सभासदांच्या स्वाक्षरीवाचून घडत आहे. अल्पमतास आपले म्हणणे ऐकवण्याचा हक्क असणे आणि निर्णय होऊ न देण्याचा अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘चर्चा’ हे एकच नाव दोहोंस लाभल्यामुळे त्यांतील भेद झाकला जातो. कोंडीचे कोणतेही गंभीर विवेचन हा भेद स्पष्ट करण्यापासूनच सुरू व्हावयास हवे.