मंगळुरी कौलाचे माप

पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना फुटलेल्या कौलाच्या जागी नवे कौल सरकवणाऱ्या कोकणी गृहस्थाची त्या कौलाकडून एवढीच अपेक्षा असते, की शेजारच्या जुन्या कौलाच्या खाचेत त्याची कड बिनबोभाट बसावी. परंतु ही साधी अपेक्षा पुरी व्हावी म्हणून कारखान्याला माती, पाणी आणि अग्नी यांचा केवढा चोख बंदोबस्त ठेवावा लागतो, याची वार्ता छपराखाली राहणाऱ्यांपर्यंत क्वचितच पोहोचते.

परस्परांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट आल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली घेतले, आणि १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरास कारखाना काढल्यावर हा प्रकार आपल्या किनाऱ्यावर रुजला.

साचा एकच, म्हणून मापही एकच, हा समज स्वाभाविक असला तरी यथार्थ नाही. ओली माती वाळताना आकसते आणि भट्टीत पुन्हा आकसते. समजा, ४१० मिलिमीटर लांबीचे कौल हवे आहे आणि माती एकंदर शेकडा ८ आकसते, तर साचा सुमारे ४४६ मिलिमीटरचा घ्यावा लागेल. तीच माती एखाद्या दिवशी पाणी अधिक पडल्यामुळे शेकडा ९ आकसली, तर त्याच साच्यातले कौल ४०६ भरेल. म्हणून मापाचा खरा निर्णय दाबयंत्रापाशी नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, माती मळताना होतो, असे माझे मत आहे. पुढे वाळवणीत वाऱ्याकडची बाजू आधी सुकली तर कौल वाकते, आणि भट्टीत जिथे आच प्रखर तिथले कौल अधिक आखडते. सबब एकाच घाणीतला माल रचण्याच्या जागेप्रमाणे लहानमोठा निघू शकतो.

विटेला एवढी कडक शिस्त नसते. भारतीय मानकानुसार १९० मिलिमीटर लांबीच्या २० विटा ओळीने मांडल्या, की ती ओळ ३७२० ते ३८८० मिलिमीटरच्या दरम्यान भरली म्हणजे झाले. उरलेली तफावत सांध्यातला चुना किंवा सिमेंट पोटात घेते. कौलाला असा कोणी कैवारी नाही. रुंदीत अडीच मिलिमीटरांचा फरक ४० कौलांच्या ओळीत १० सेंटिमीटर होतो, आणि रिपा तर एका विशिष्ट मापाच्या अंतरावर कायमच्या ठोकलेल्या असतात.

त्यामुळेच जुन्या घराचा जाणता मालक बाजारात जाण्यापूर्वी आढ्याजवळचे एक कौल उतरवतो, पालथे करतो, आणि त्यावर उमटलेले कारखान्याचे नाव आधी वाचून घेतो.