मोठ्याने पडतं घ्यायचं

चाळीच्या गॅलरीत भरलेली बादली घेऊन समोरासमोर आलेली दोन माणसं आठवा. एक डावीकडे सरकतो, तर नेमका दुसराही त्याच बाजूला. मग दोघंही एकदम दुसऱ्या बाजूला. शेवटी हसून कुणीतरी थांबतं. आकाशात थांबायची सोय नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांमधलं अंतर दर सेकंदाला अर्धा किलोमीटर घटत असतं.

म्हणून साधारणपणे मजले वाटून दिलेले असतात. पूर्वेकडे जाणाऱ्याला ३३, ३५ हजार फूट अशी विषम उंची, पश्चिमेकडे जाणाऱ्याला ३४, ३६ अशी सम. पण कुणी मजला चुकला तर? १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीवर हेच झालं. १५ हजार फुटांवर राहायला सांगितलेलं कझाक विमान त्याखाली उतरलं; १४ हजारांवर सौदी विमान होतं. ३४९ माणसं गेली. सावध करणारं यंत्र दोघांपैकी एकातही नव्हतं. त्यानंतर भारतात ते सक्तीचं झालं.

या यंत्राला टीकॅस म्हणतात. दर सेकंदाला ते आसपासच्या विमानांना हाक मारतं आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं. पण खरी मेख वेगळीच आहे. समोरचा किती दूर आहे हे महत्त्वाचं नाही, किती सेकंदांवर आहे हे महत्त्वाचं, हे १९५० च्या दशकात बेंडिक्स कंपनीतल्या जॉन मॉरेल यांनी ओळखलं. अंतराला जवळ येण्याच्या वेगाने भागायचं, बस्स. शाळेतला भागाकार!

सेकंद घटत गेले की कॉकपिटमध्ये आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा आवाज येतो, मग हुकूम: चढा किंवा उतरा. आता बादलीवाला पेच. दोघांनाही ‘चढा’ म्हटलं तर? तसं होऊ नये म्हणून दोन्ही यंत्रं, माणसांना मध्ये न घेता, आपसांत ठरवून टाकतात: मी वर, तू खाली. आणि दोघांनी एकाच क्षणी ‘मी वर’ म्हटलं तर? हाकेला ‘ओ’ देणाऱ्या उपकरणाला, म्हणजे प्रत्येक विमानाच्या ट्रान्सपाँडरला, स्वतःचा क्रमांक असतो. ज्याचा मोठा, त्याने बेत फिरवायचा. घरात थोरल्या भावाला सांगतात तसंच. कुण्या इंजिनिअरला हे सुचलं असेल, त्याला माझा नमस्कार.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगनवर यंत्रांनी वाटणी चोख केली होती: रशियन विमान वर, मालवाहू बोइंग खाली. पण जमिनीवरच्या नियंत्रकाने रशियन वैमानिकांना नुकतंच उतरायला सांगितलं होतं. त्यांनी माणसाचं ऐकलं, बोइंगने यंत्राचं. दोघंही खाली. ७१ जण गेले, त्यात बरीच शाळकरी मुलं.

आता नियम पक्का आहे: नियंत्रक एक म्हणाला आणि टीकॅस दुसरं, तर टीकॅसचं ऐकायचं. तेव्हाही विमान मिनिटाला साधारण १५०० फूट एवढंच चढतं-उतरतं. मागच्या रांगेतल्या प्रवाशाचा चहा बहुधा नुसता हिंदकळतो.