स्नेहसंमेलनातला हिरवा ठिपका

शाळेत दरवर्षी नवी टूम निघते. कधी भोवरा, कधी यो-यो, तर २०१७ साली बोटावर फिरणारी चकती! महाड-पोलादपूरकडे हिवाळ्यात स्नेहसंमेलन भरले, की मुंबई-पुण्याचे माजी विद्यार्थीही येतात. अंधारात रंगमंच उजळतो आणि मागून एखादा खोडकर नाचणाऱ्यांवर लेसरचा हिरवा ठिपका फिरवतो. ही टूम मात्र घातक आहे. का बरे?

दिव्याचा प्रकाश चहूकडे पांगतो. दोन मीटरवरच्या डोळ्यात त्याचा दहा लाखांतला जेमतेम एक भाग शिरतो. लेसरची शलाका फारशी पांगत नाही. भिंगाखाली वाळके पान जळताना तुम्ही पाहिले असेल. तसेच भिंग डोळ्यात असते. ते ही शलाका दृष्टिपटलावर सुईच्या अग्राहूनही लहान ठिपक्यात एकवटते.

१ मिलीवॅटपर्यंतच्या लेसरपासून पाव सेकंदात मिटणारी पापणी आपल्याला वाचवते. पण स्वस्तातल्या अनेक हिरव्या लेसरांची शक्ती याच्या कित्येक पट असते. शिवाय दृष्टिपटलाला वेदना कळत नाही आणि त्याचा जळालेला भाग पुन्हा भरून येत नाही.

तेव्हा लेसर प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच वापरा. यंदा शेजारच्या मित्राने तो खिशातून काढलाच, तर त्याला हे सांगाल ना?