‘दोष आढळला नाही’ म्हणजे दोष नाहीच?

मुलाचा संपूर्ण जीनोम तपासला, अहवाल निरंक आला. म्हणजे आजार आनुवंशिक नाही. दुर्मीळ आजाराशी झुंजणाऱ्या घरांत हा निष्कर्ष सहज काढला जातो. या विषयातला सगळ्यांत घातक गैरसमज मला हाच वाटतो, कारण तो पुढचा शोधच थांबवतो.

प्रचलित तपासणीत डीएनए सलग वाचला जात नाही. त्याचे साधारण १५० अक्षरांचे कोट्यवधी तुकडे वाचतात आणि संगणक ते प्रमाण जीनोमशी ताडून जागच्या जागी बसवतो. एखादं अक्षर बदललं असेल तर ते या पद्धतीला उत्तम सापडतं. अडतं ते पुनरुक्तीपाशी, आणि आपल्या सुमारे तीन अब्ज अक्षरांपैकी निम्म्याच्या आसपास मजकूर पुन्हा पुन्हा येणारा आहे. भजनांच्या वहीच्या बारीक चिंध्या केल्या, तर ज्या चिंधीवर नुसतं पालुपद आहे ती कोणत्या कडव्यामागची हे कसं ओळखणार? ते पालुपद एकूण किती वेळा आलं, हे तरी कसं मोजणार? लाँग-रीड सिक्वेन्सिंगमध्ये एकेक वाचन दहा-वीस हजार अक्षरांचं असतं, कधी लाखांच्या घरातलं. पालुपदाच्या अलीकडचं आणि पलीकडचं कडवंही एकत्रच हाती येतं.

याचा रुग्णाला उपयोग काय, ते आजारांवरून कळतं. फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक अक्षमतेच्या विकारात ‘सीजीजी’ ही तीन अक्षरं २०० हून अधिक वेळा येतात, म्हणजे ६०० हून जास्त अक्षरं. १५० अक्षरांच्या तुकड्यात ती मावणारच नाहीत. या विकारासाठी वेगळी चाचणी फार पूर्वीपासून आहे, पण ती सांगायला डॉक्टरांना आधी तसा संशय यावा लागतो. आणि मूळ जनुकच माहीत नसेल तर? जपानी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या दिसणारा एक अपस्मार आठव्या गुणसूत्राशी निगडित आहे, हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं; दोष मात्र सापडत नव्हता. २०१८ साली तो सापडला. एसएएमडी१२ या जनुकाच्या प्रथिन न घडवणाऱ्या भागात पाच अक्षरांची लांबलचक पुनरुक्ती दडलेली होती, आणि ती उलगडायला लांब वाचनांची मदत झाली.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली मांडलेलं उदाहरणही असंच आहे. हृदयात पुन्हा पुन्हा गाठी होणाऱ्या एका तरुणाच्या जीनोमची नेहमीची तपासणी काहीच सांगू शकली नव्हती. लांब वाचनात एका जनुकातली सुमारे २,२०० अक्षरं गळालेली दिसली आणि कार्नी कॉम्प्लेक्स या आजाराचं निदान पक्कं झालं.

मानवी जीनोम २००३ सालीच पूर्ण वाचून झाला, असं पाठ्यपुस्तकं वाचलेल्या पिढीला वाटतं. प्रत्यक्षात सुमारे आठ टक्के भाग तेव्हा राहून गेला होता, मुख्यतः गुणसूत्रांच्या मध्याजवळचा पुनरुक्तीने भरलेला प्रदेश. कॅरन मिगा आणि ॲडम फिलिपी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२२ साली तो भरून काढला. जवळपास वीस कोटी अक्षरांची भर पडली. वाय गुणसूत्राला मात्र २०२३ उजाडावं लागलं.

लांब वाचनात चुकाच फार, हा आक्षेप दहा वर्षांपूर्वी रास्त होता. आता नाही. एका पद्धतीत डीएनएच्या तुकड्याचं बंद कडं करतात आणि विकर त्यावरून फेऱ्या मारत तोच मजकूर अनेकदा वाचतं. सगळ्या फेऱ्या जुळवल्या की अचूकता ९९.९ टक्क्यांच्या घरात जाते. दुसऱ्या पद्धतीत डीएनएचा धागा प्रथिनाच्या सूक्ष्म छिद्रातून ओढला जातो आणि विद्युतप्रवाहातल्या बदलांवरून अक्षरं ओळखली जातात. एकच अक्षर ओळीने अनेकदा आलं की ही पद्धत अजून अडखळते. पण तिचं यंत्र तळहातावर मावतं. २०१५ साली इबोलाच्या साथीत ते प्रवासाच्या सामानातून गिनीला नेलं गेलं; नमुना हाती आल्यापासून २४ तासांच्या आत निकाल मिळू लागले आणि १४२ नमुने तिथेच वाचले गेले. पुढच्याच वर्षी केट रुबिन्स यांनी तसंच यंत्र अंतराळ स्थानकात चालवलं.

आणखी एक लाभ फारसा बोलला जात नाही. एका जनुकात दोन दोष आढळले, तर ते दोन्ही एकाच प्रतीवर आहेत की एक आईकडच्या आणि एक वडिलांकडच्या प्रतीवर, यावर कित्येक आजारांचं निदान अवलंबून असतं. एकाच प्रतीवर असतील, तर दुसरी निरोगी प्रत काम सांभाळते. एरवी त्यासाठी आईवडिलांचे नमुने लागतात. दोष फार दूर नसतील तर लांब वाचनात ते रुग्णाच्याच नमुन्यात दिसतं.

शेतीतही हेच. उसाच्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या डझनभर प्रती, त्याही रानटी आणि लागवडीच्या जातींच्या सरमिसळीतून आलेल्या. त्याचा गुंता इतका, की आधुनिक उसाचा तपशीलवार जीनोम २०२४ मध्ये हाती आला, तोही लांब वाचनांच्या आधारे.

मग जुनी पद्धत मोडीत काढायची का? मुळीच नाही. गर्भाच्या तपासणीसाठी आईच्या रक्तात जो डीएनए शोधतात, तो मुळातच साधारण १७० अक्षरांच्या तुकड्यांत असतो. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या जुन्या गाठीतला डीएनएही तुटलेला. तिथे लांब वाचणार काय? शिवाय खर्च अजून जास्त आहे, आणि बदल सापडला तरी त्याचा अर्थ लागेलच असं नाही.

निरंक अहवाल हाती असलेल्या कुटुंबाने जनुकीय समुपदेशकाला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. तपासणी फक्त प्रथिनं घडवणाऱ्या भागाची होती, की संपूर्ण जीनोमची? वाचन आखूड होतं, की लांब? आणि मूळ माहिती जपून ठेवली आहे का? नवे दोष उमगत जातात, तशी जुनी माहिती पुन्हा तपासून निदान झालेले रुग्ण आहेत.