शाळांचाही सहकार



दोन एकर ऊसवाल्याला स्वतःचा कारखाना काढता येत नाही. पण असे हजारो जण शेअर घेऊन एकत्र आले की धुराडं उभं राहतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हाच हिशोब शाळेला लावून पाहा. शंभर पोरांच्या शाळेला चांगली प्रयोगशाळा, चित्रकलेचा शिक्षक, वेल्डिंगचं वर्कशॉप एकटीनं कसं परवडणार? परवडत नाही, म्हणून शहरातल्या मुलाला जे मिळतं ते आपल्या मुलाला मिळत नाही.

ही अडचण फक्त आपलीच नाही. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्यासमोर उंच इमारती येतात. पण त्या नावाच्या राज्यात शेती व दूधधंद्यावर जगणारा मोठा ग्रामीण भाग आहे. तेथे 'शाळा-जिल्हे' असतात. हा जिल्हा म्हणजे आपला कलेक्टरचा जिल्हा नव्हे. बहुधा चार गावांचा मिळून तो एक लहान इलाखा असतो. त्याचे मंडळ लोकांनी निवडलेले आणि शाळेसाठी कर बसवणारे. अशा शेजारच्या शाळा-जिल्ह्यांना एकत्र येता यावे म्हणून १९४८ साली तेथे कायदा झाला आणि 'सहकारी शैक्षणिक सेवा मंडळे' निघाली. सहकार हा शब्द त्यांच्या नावातच आहे!

कारभार कसा चालतो?

एका शाळेला ज्याचा पूर्ण पगार झेपत नाही असा शिक्षक दोन-तीन शाळांनी वाटून घ्यायचा, हे पहिले पाऊल. पुढे धंदेशिक्षणाची केंद्रे उभी राहिली. अकरावी-बारावीची मुलं अर्धा दिवस आपल्या शाळेत शिकतात आणि अर्धा दिवस बसने केंद्रावर जाऊन मोटारदुरुस्ती, वेल्डिंग, बांधकाम, रुग्णसेवा असे काम शिकतात. मूल आपल्या शाळेचेच राहते, हजेरीपटावरचे नाव हलत नाही. आज अशी ३७ मंडळे आहेत.

हिशोबाची बाजू सभासदांनी लक्षात घेण्यासारखी आहे. मंडळाला कर बसवण्याचा अधिकार नाही. त्याचे संचालक सभासद शाळा-जिल्ह्यांची मंडळे निवडतात. कार्यालयीन खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. बाकी जी सेवा घ्याल तिचा आकार भरायचा. त्यातला काही भाग सरकार पुढच्या वर्षी परत देते, आणि गरीब इलाख्याला जास्त देते. मुलांचा वेळ बसमध्ये जातो, हा तोटा मात्र आहेच.

आपल्याकडे काय?

हा विचार आपल्याला नवा नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्याचे. शेजारच्या शाळांचा गट करावा, हायस्कूलची प्रयोगशाळा सुटीच्या दिवशी आसपासच्या प्राथमिक शाळांच्या मुलांना खुली करावी, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवाव्यात, असे त्या आयोगाने सुचवले होते. ही सूचना अमलात आली नाही, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेच म्हटले आणि पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरातील शाळांचे संकुल करण्याचा आग्रह पुन्हा धरला.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. साधने एकत्र करणे वेगळे आणि वाडीवरची शाळा बंद करणे वेगळे. सहा वर्षांच्या पोराला रोज ओढा ओलांडून परगावी पाठवणे याला कोणी सहकार म्हणणार नाही. कारखाना झाला म्हणून कोणाची जमीन गेली नाही. ऊस ज्याचा त्याच्या रानातच राहिला. शाळेचंही तसंच हवं. मोठ्या मुलांनी केंद्रावर जावं, शिक्षकानं आणि पुस्तकांनी लहानांकडे यावं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. म्हणजे आपलीच माणसं. चार गावांच्या समित्यांनी एकदा एका ठिकाणी बसावं. कोणाकडे प्रयोगशाळा आहे, कोणाकडे मैदान, कोणाला गणिताचा शिक्षक हवाय, याची यादी करावी. खर्च कोणी किती द्यायचा, मुलांना नेणार कोण, वार कोणता, हे आधी कागदावर आणावं. तोंडी ठरलेलं पहिल्या भांडणात मोडतं, हे आपण जाणतोच.

गाव करी ते राव न करी, म्हणतात. मग चार गावं मिळून काय करतील!