फाईल कशी उघडावी?

शेवगाव तालुक्यात एखाद्या शेतकऱ्याची जमीन मुलांच्या नावे झाली, की तलाठी पूर्वी तिची नोंद फेरफाराच्या वहीत करीत असे. या वहीस गाव नमुना सहा म्हणतात. तीत जुन्या नोंदीखाली नवी नोंद चढे. मागचे काही पुसले जात नसे. सातबाऱ्यावरही जुन्या खातेदाराच्या नावास नुसता कंस होई. त्यामुळे आजोबांचे नाव नातवास वाचता येई, आणि जमिनीचा वाद उभा राहिला तर तोच कागद कामी येई.

आता या नोंदी संगणकावर होतात. सरकारी दप्तराची व्यवस्था फार मोठी आहे. परंतु संगणक लिहितो व वाचतो कसा, हे एका लहानशा फाईलवरूनही कळेल.

१९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पायथन या संगणकभाषेत फाईल उघडण्यासाठी 'ओपन' ही आज्ञा आहे. तिच्याबरोबर फाईलचे नाव व आपला हेतू सांगावयाचा असतो. हेतू एकाच रोमन अक्षराने कळवितात. 'आर' म्हणजे केवळ वाचणे. 'ए' म्हणजे अखेरीस भर घालणे. ही झाली आपली फेरफाराची वही. 'डब्ल्यू' म्हणजे नव्याने लिहिणे, आणि खरी मेख येथेच आहे. समजा, फाईलमध्ये शेवगाव, बोधेगाव व घोटण ही नावे असून तीत चापडगाव घालावयाचे आहे. ती 'डब्ल्यू'ने उघडली, तर एक अक्षरही लिहिण्यापूर्वी तिन्ही गावे नाहीशी होतात! संगणक 'पुसू का?' असे विचारीत नाही. कंस नाही, खाडाखोडही नाही. नवी फाईल करताना ही धास्ती वाटत असेल, तर 'एक्स' वापरावे. त्या नावाची फाईल आधीच असल्यास संगणक पुढे जाण्याचे नाकारतो.

मुलांनो, फाईलमध्ये खरे पाहता अक्षरे नसतात, अंक असतात. 'शेवगाव' या शब्दात मात्रा व काना वेगळे मोजले तर ६ चिन्हे होतात. 'यूटीएफ-८' या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे गावाच्या नावास १८ बाइट. वाचताना भलतीच पद्धत धरली, तर गावाच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात.

काम झाल्यावर 'क्लोज' या आज्ञेने फाईल मिटावी. लिहिलेला मजकूर काही काळ संगणकाच्या स्मृतीतच थांबलेला असतो. तेवढ्यात वीज गेली, तर तो जातो. 'विथ' या शब्दाने आरंभ केलेल्या रचनेत फाईल आपोआप मिटते, मध्येच आज्ञावलीत चूक उद्भवली तरीही.